वाचकांच्या मतांची सरासरी काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचक अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांबद्दल लिहितात. पुरवणी हातात आली की मी ते पान सगळ्यात आधी उघडते, समीक्षकांची परीक्षणं त्यानंतर. त्या पानावर लिहिणाऱ्याला कुणी लिहायला बसवलेलं नसतं. चित्रपट संपल्यावर मनात काहीतरी घोळत राहिलं, ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून त्याने लिहिलेलं असतं. गेल्या काही आठवड्यांत मात्र त्या पानाचं रूप बदललं आहे. पत्रं दोन-दोन ओळींवर आली आहेत आणि वर ठळक टाइपात वाचकांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी येते: ३.२, ३.८, ४.१. ही सरासरी बंद करावी आणि ती जागा पुन्हा पत्रांना द्यावी, एवढ्या विनंतीसाठी हे लिहिते आहे.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आकड्यांशी माझं वैर असण्याचं कारण नाही. आकड्यांवर माझा जीव आहे, म्हणूनच ते चुकीच्या जागी वापरलेले मला बघवत नाहीत. समजा, एका चित्रपटाबद्दल दहा वाचकांनी कळवलं. पाच जणांनी पाच तारे दिले, पाच जणांनी एक. सरासरी ३. दुसऱ्या चित्रपटाला दहाही जणांनी प्रत्येकी तीन तारे दिले. सरासरी तीच, ३. तुमच्या पानावर दोन्ही नावांपुढे एकच आकडा येणार. पण पहिला चित्रपट पाहून निम्मी माणसं भारावली आणि निम्मी चिडली. दुसरा कुणाला खुपला नाही आणि कुणाच्या लक्षातही राहिला नाही. मला विचाराल तर मी डोळे मिटून पहिल्याचं तिकीट काढेन. माझ्या शेजारणीला डोकं शांत करायला दोन तास हवे असतील तर तिने दुसऱ्याकडे जावं. हा निर्णय घ्यायला लागणारी सगळी माहिती त्या एका आकड्याने पुसून टाकली. शिवाय दहा जणांनी कळवल्यावर आलेली ४.१ आणि दोनशे जणांनी कळवल्यावर आलेली ४.१ यांत फरक किती, तेही वाचकाला कळायला मार्ग नाही.

जगभर चित्रपटांचे आकडे कसे काढले जातात ते एकदा नीट पाहायला हवं. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरचे टक्के आपल्याकडे सर्रास सांगितले जातात. तिथे ९० टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण, असं समजणारे शिकलेसवरलेले लोक मला नेहमी भेटतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की मोजलेल्या परीक्षणांपैकी ९० टक्के परीक्षणं अनुकूल होती. किती अनुकूल, ते त्यात येत नाही. सगळ्यांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हटलेल्या चित्रपटाला तिथे १०० टक्के मिळू शकतात. ज्याच्यावर निम्मे समीक्षक जीव ओवाळून टाकतात आणि निम्मे तोंड फिरवतात, तो ५० टक्क्यांवर अडकतो आणि ६० ची रेघ ओलांडली नाही म्हणून त्याच्यावर हिरवा, ‘सडका’ शिक्का बसतो. ‘आयएमडीबी’ या संकेतस्थळावर दहापैकी जो आकडा दिसतो तोही साधी सरासरी नसते. मतांना वेगवेगळं वजन देऊन तो काढतात आणि ते वजन नेमकं कसं ठरतं हे जाहीर केलेलं नाही. मात्र तिथे एक चांगली सोय आहे. किती जणांनी दहा दिले, किती जणांनी एक, हे दाखवणारे स्तंभही पाहायला मिळतात. माझं ऐकाल तर आकडा सोडा आणि ते स्तंभ बघा. दोन्ही टोकांना उंच स्तंभ दिसले की समजावं, हा चित्रपट माणसांना शांत बसू देत नाही.

याबाबत इंग्लंडच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाचं मला फार कौतुक वाटतं. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांना त्यांचे आवडते दहा चित्रपट विचारतात. पहिल्या वर्षी ‘बायसिकल थीव्हज’ सर्वांत वर आला, तेव्हा तो येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. त्या वर्षी पहिल्या दहांत कुठेच नसलेला ‘सिटिझन केन’ १९६२ ला वर चढला आणि २००२ पर्यंत तिथेच राहिला. २०१२ ला ‘व्हर्टिगो’ने त्याला खाली आणलं. २०२२ च्या फेरीत १,६०० हून अधिक जणांनी मतं दिली आणि शांताल अकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘जान डिलमन’ (१९७५) पहिला आला. या यादीवरून भांडणं झाली, अजूनही होतात. पण मला भावते ती त्यांची रीत. प्रत्येकाने दहा नावं द्यायची, त्यांना क्रम लावायचा नाही, गुण द्यायचे नाहीत. आणि पुढे जाऊन प्रत्येक मतदाराची दहा नावं त्याच्या नावानिशी, त्याच्या टिपणासह छापतात. एकत्रित यादी मी एकदा चाळली. एकेकाची दहा नावं मात्र पुन्हा पुन्हा वाचते, कारण त्यात माणूस दिसतो. एखाद्याने माझे तीन आवडते चित्रपट लिहिलेले दिसले की त्याचे उरलेले सात मी वहीत उतरवून घेते.

‘जान डिलमन’ आम्ही काही जणांनी ठरवून पाहिला. आमचा गट छोटा आहे: माझी धाकटी नणंद, शाळेतले माझे एक जुने सहकारी आणि आणखी दोघं-तिघं. जो तो आपापल्या घरी चित्रपट पाहतो आणि मग आम्ही एकत्र बसून बोलतो. हा चित्रपट २०१ मिनिटांचा. ब्रुसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस त्यात आहेत. कॅमेरा जागचा हलत नाही. ती स्वयंपाक करते, भांडी घासते, अंथरुणं आवरते, मुलगा शाळेतून आला की त्याला वाढते. दुपारी तिच्याकडे पुरुष येतात, तेही त्याच दिनक्रमाचा भाग असावा तसे. पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्ट ठरल्या वेळी, ठरल्या जागी होते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढंच घडतं. ती ते पातेलं हातात घेऊन घरभर हिंडते, न्हाणीघरापर्यंत जाते, परत येते. पैसे ठेवायच्या भांड्यावर झाकण घालायचं राहून जातं. मग ती नवे बटाटे सोलायला बसते आणि सुरी बटाट्यावर कशी ओढली जाते आहे ते आपण बघत राहतो.

आमचे सहकारी सर चाळीस मिनिटांत उठले. त्यांनी तो फोनवर, दीडपट वेगाने पाहायला घेतला होता. “बाई, ती बाई बटाटे सोलते. बस्स. याला तुम्ही जगातला सर्वोत्तम चित्रपट म्हणता?” नणंदेने तो एका बैठकीत पाहिला आणि सकाळी सकाळी मला फोन केला. “वहिनी, तिला पातेलं कुठे ठेवावं तेच कळेना, आणि इकडे माझ्या पोटात गोळा आला.” सरांनी एक तारा दिला असता, नणंदेने पाच. सरासरी पुन्हा ३. हे दोन उद्गार मात्र जसेच्या तसे शेजारी शेजारी छापा, आणि वाचकाला तो चित्रपट आपल्यासाठी आहे की नाही ते तिथल्या तिथे कळेल. सरांचं मत मी खोटं ठरवत नाही. पण ‘फोनवर, दीडपट वेगाने’ हे त्यांच्या मतासोबत छापलंच पाहिजे. २०१ मिनिटांचा चित्रपट दीडपट वेगाने १३४ मिनिटांत आटोपतो. ज्या चित्रपटाचा सगळा ताण एखाद्या कामाला लागणाऱ्या पुऱ्या वेळावर उभा आहे, त्यातून ६७ मिनिटं काढून घेतली की उरतं ते काहीतरी वेगळंच असतं. हल्ली या वेगाने पाहणारे पुष्कळ आहेत. त्यांनी तसं खुशाल पाहावं, फक्त लिहिताना सांगावं.

सरांचं आणि माझं चित्रपटांच्या बाबतीत कधीच पटत नाही, आणि त्यामुळेच त्यांचं मत मला अनमोल आहे. त्यांनी ‘फार संथ’ म्हटलं की मी तो चित्रपट नोंदवून ठेवते. त्यांनी ‘जबरदस्त वेग, एक क्षण कंटाळा नाही’ म्हटलं की मी त्या वाटेला जात नाही. गणितात याला ऋण सहसंबंध म्हणतात: एक राशी वाढली की दुसरी बहुधा घटते. असा संबंध धन सहसंबंधाइतकाच उपयोगी असतो, कारण त्यावरून अंदाज बांधता येतो. मात्र त्यासाठी माणूस ओळखीचा लागतो. तुमच्या पानावर पूर्वी एक वाचक नियमित लिहीत असत. त्यांना युद्धपट आवडत, प्रेमकथांचं वावडं होतं, आणि ते नेहमी ध्वनीबद्दल लिहीत. पावलांचा आवाज, दार लागल्याचा आवाज, कुठे शांतता होती, हे त्यांच्या पत्रात हमखास असे. त्यांची आवड कुठे माझ्याशी जुळते आणि कुठे नाही, हे मला पक्कं कळलं होतं. आता तेही त्या ३.८ मध्ये विरघळून गेले आहेत आणि त्यांनी तो चित्रपट पाहिला की नाही, हेसुद्धा कळत नाही.

अमेरिकेत जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट हे दोन समीक्षक वर्षानुवर्षं दूरचित्रवाणीवर शेजारी बसून चित्रपटांवर बोलत. अंगठा वर की खाली, ही त्यांची खूण जगभर गाजली. पण लोक त्यांच्यातला वाद ऐकायला बसत. दोघांच्या आवडीनिवडी प्रेक्षकांना पाठ झाल्या होत्या, त्यामुळे कुणाचा अंगठा आपल्यासाठी काय सांगतो हे ज्याचं त्याला कळे. दोन अंगठ्यांची सरासरी काढून दाखवावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता पत्रांबद्दल. ती दोन ओळींवर आल्यापासून त्यांत ‘अप्रतिम’, ‘बकवास’, ‘पैसा वसूल’, ‘एकदा बघायला हरकत नाही’ एवढंच उरलं आहे. हे शब्द कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येतात. आणि मोठं पत्र असेल तर बरेचदा निम्म्याहून अधिक जागा कथानक खातं. १९६० मध्ये ‘सायको’च्या वेळी दिग्दर्शक हिचकॉकने चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम चित्रपटगृहांना घातला होता. पाहणाऱ्याचा पहिला अनुभव एवढ्या निगुतीने जपावा लागतो, तिथे आपण चार ओळींत शेवट सांगून मोकळं होऊ नये.

कथा न सांगता शिफारस कशी करावी, याचा माझ्या लेखी एक नमुना आहे. ‘कोर्ट’ (२०१४) हा चैतन्य ताम्हाणे यांचा पहिला चित्रपट. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ‘ओरिझोन्ती’ विभागातला सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, आपल्याकडे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी तो पाहिला नव्हता. पुरस्कारांची यादी वाचून माणूस मान डोलावतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. मग माझ्या एका विद्यार्थ्याने कळवलं: “बाई, शेवटाकडे न्यायालयातले दिवे बंद होतात आणि पडदा पूर्ण काळा होतो. तेव्हा उठू नका. आमच्या चित्रपटगृहात निम्मे लोक उठले होते.” एवढ्यावर मी तो लावला. पडदा काळा झाला तेव्हा मला स्वतःलाच उठावंसं वाटलं, आणि त्याचं वाक्य आठवून बसून राहिले. पुढे काय येतं ते मी लिहिणार नाही. पण त्या एका सूचनेने त्याने मला चित्रपट कसा पाहायचा ते शिकवलं. सरकारी वकील बाई दिवसभर खटला चालवून घरी जाते, स्वयंपाकाला लागते, त्या दृश्यापाशीही मी तशीच थांबून राहिले, कारण तोवर मला कळलं होतं की या चित्रपटात कामकाज संपल्यानंतरचंच महत्त्वाचं आहे.

कोण सांगतंय, हेही कळायला हवं. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या चित्रपटाला २०१४ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘स्फटिक अस्वल’ (क्रिस्टल बेअर) हा पुरस्कार मिळाला. बातमीत ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कार’ एवढंच वाचलं होतं. तो पुरस्कार मुलांच्या परीक्षक मंडळाने दिला आहे, हे कळल्यावर माझ्यासाठी चित्र बदललं. वडील गेले आहेत, आईची बदली कोकणात झाली आहे, अकरा वर्षांचा चिन्मय नव्या शाळेत अवघडून बसतो. ही गोष्ट जवळपास त्याच वयाच्या, मराठीचं अक्षरही न येणाऱ्या परक्या देशातल्या मुलांनी निवडली. मोठ्यांनी दिलेल्या कितीही ताऱ्यांपेक्षा हे मला जास्त सांगून गेलं. माझ्या भाचीची मुलं तेव्हा त्याच वयाची होती. मी तो त्यांच्यासोबत पाहिला, आणि संपल्यावर कितीतरी वेळ ती दोघं चिन्मयच्या मित्रांनी केलं ते बरोबर की चूक यावर भांडत होती.

तेव्हा माझी मागणी अशी. आकडा काढून टाका. आलेल्या पत्रांपैकी कमी छापा, पण पुरती छापा. लिहिणाऱ्याची खूण कायम ठेवा, नाव नको असेल तर आद्याक्षरं चालतील, म्हणजे आम्हाला त्याची आवड ओळखता येईल. ‘लेटरबॉक्स्ड’ या संकेतस्थळावर प्रत्येक सभासद आपल्या पानाच्या माथ्यावर चार आवडते चित्रपट लावतो. त्या चार नावांवरून पुढचं सगळं मत कसं वाचायचं ते कळतं. नियमित लिहिणाऱ्या वाचकांकडून तुम्हीही अशी चार नावं मागवू शकता. एकाच चित्रपटावर दोन उलट पत्रं आली तर दोन्ही घ्या. आणि पत्र मागवताना विचारा: मोठ्या पडद्यावर पाहिलात की फोनवर, मूळ आवाजात की डब केलेला, सलग की तुकड्यांत. डब केलेल्या चित्रपटातल्या अभिनयाला नावं ठेवणारी पत्रं मी पुष्कळ वाचली आहेत. अभिनेत्याचा आवाजच ऐकला नसेल तर ते मत अर्ध्या अभिनयाबद्दलचं आहे.

इतकं मागते आहे तर माझंही एक पत्र याच नियमांनी सोबत देते.

‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी, इराण, १९८७, ८३ मिनिटं. घरी दूरचित्रवाणी संचावर, मूळ फारसीत, इंग्रजी उपशीर्षकांसह, सलग पाहिला. पहिलाच प्रसंग वर्गातला आहे. एका मुलाने गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर केला आहे. मास्तर तो कागद फाडतात आणि बजावतात की पुन्हा असं झालं तर शाळेतून काढून टाकेन. मुलगा रडतो. शेजारच्या अहमदच्या चेहऱ्यावर कॅमेरा जातो आणि जे चाललं आहे ते त्याच्या डोळ्यांत दिसतं. घरी गेल्यावर त्याला कळतं की त्या मित्राची वही चुकून आपल्याच दप्तरात आली आहे. आता ती आजच्या आज पोचवायला हवी, आणि मित्राचं घर कुठे आहे ते ठाऊक नाही. तो आईला सांगतो. आई म्हणते, आधी गृहपाठ कर. तो पुन्हा सांगतो. आई बाळाचं काहीतरी आणायला सांगते. तो पुन्हा सांगतो. आई वाईट नाही, तिच्यामागे कामं आहेत, पण त्याचं वाक्य तिच्या कानापर्यंत पोचतच नाही. हे इतक्या वेळा घडतं की बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. वर्गावर उभं राहिलेल्या प्रत्येकाने हा चित्रपट पाहावा असं मला मनापासून वाटतं. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्याला सोबत घेऊन पाहा आणि उपशीर्षकं त्याला मराठीत मोठ्याने सांगा; संवाद छोटे आहेत, जमतं. ज्यांना तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं की चीड येते, ज्यांना मोठं काहीतरी घडायला हवं असतं, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. माझे चार आवडते: हा, ‘किल्ला’, ‘पथेर पांचाली’ आणि ‘जान डिलमन’.

आमच्या सरांनी हाही अर्ध्यात सोडला आहे. त्यांना मी तुमच्याकडे लिहायला सांगितलं आहे. त्यांचं पत्र आलं तर ते माझ्या पत्राशेजारीच छापावं.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त गणित शिक्षिका)